आश्रयाच्या ओळी

भाषेतल्या विशेषणांचे भावही मोंढ्यातल्या धान्याप्रमाणे चढत-उतरत असतात. मराठवाड्यात गेल्या साठ वर्षांत ‘गावरान’ आणि ‘हायब्रीड’ या दोन विशेषणांनी एकमेकांच्या जागा इतक्या पुरत्या घेतल्या आहेत की, ही अदलाबदल एकाच पिढीच्या हयातीत झाली हे सहजी पटू नये. नांदेड जिल्ह्यात, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील भोकर तालुक्यासारख्या कोरडवाहू मुलखात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘हायब्रीड’ हा शास्त्राचा, सरकारी शिफारशीचा आणि भरलेल्या कणगीचा शब्द होता. जे गावरान ते कमी उताऱ्याचे आणि सुधारणेची वाट पाहणारे, असा समज कृषी खात्यापासून चार बुके शिकलेल्या शेतकऱ्यापर्यंत रूढ होत चालला होता. आज त्याच मुलखाच्या आठवडी बाजारात अंडी असोत, तूप असो की काकडी, ‘गावरान’ म्हटले की घासाघीस थांबते, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द बेचव टोमॅटोला, लवकर दमणाऱ्या पोराला आणि प्रसंगी अख्ख्या पिढीला हिणवण्यासाठी वापरला जातो.

‘गावरान’चा सख्खा भाऊ म्हणावा असा ‘गावठी’ हा शब्द या उलथापालथीत अर्ध्या वाटेवरच अडकून राहिला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. गावठी दारू आणि गावठी कट्टा यांत त्याची जुनी बदनामी शाबूत आहे, तर गावठी कोंबडी म्हणताना तोच शब्द मान खाऊन जातो. शब्दांचे हे चढउतार म्हणजे माणसांच्या पसंतीचा मागे राहिलेला माग असतो. लोक एखादी नवी गोष्ट डोक्यावर का घेतात आणि काही वर्षांनी तीच गोष्ट तोंड वाकडे करून का टाकतात, हा प्रश्न सहसा कपडे, केशरचना आणि गाणी यांच्या संदर्भात विचारला जातो. परंतु या प्रश्नाची खरी परीक्षा शेतात होते, कारण तिथे चुकलेल्या पसंतीचे मोल वर्षभराच्या भाकरीने चुकवावे लागते.

मराठीत अशा सामूहिक ओढीला नावे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक नावांत उपहास आहे. ‘टूम’ निघते, ‘खूळ’ शिरते, ‘लाट’ येते, ‘वारे’ वाहते; या साऱ्या क्रियापदांत माणूस कर्ता नसून त्याच्यावर काहीतरी घडत असते. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हणही हेच सांगते की, माणसाला नव्याची ओढ असते आणि ती लवकर विटते. या स्पष्टीकरणाची अडचण अशी की, नवे स्वीकारण्याआधी माणूस किती काळ थांबतो, याकडे ते पाहतच नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास करून १९४३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात संकरित बियाणे स्वीकारले. परंतु बियाण्याची पहिली वार्ता कानी पडणे आणि ते प्रत्यक्ष स्वीकारणे यांत सरासरी सुमारे नऊ वर्षे गेली. वार्ता बहुधा विक्रेत्याकडून येई, पण खात्री शेजाऱ्याचे पीक पाहून पटे. नव्याचे नऊ दिवस असतीलही, पण त्याआधी नऊ वर्षांची पारख असते.

या पारखीला आंधळे अनुकरण म्हणणे अन्यायाचे आहे. कोरडवाहू शेतकऱ्यापाशी प्रयोगशाळा नसते. त्याची प्रयोगशाळा धुऱ्यापलीकडे, शेजाऱ्याच्या रानात असते आणि तिचा खर्च शेजारी करतो. पुढच्यास ठेच लागली तर मागचा शहाणा होतो हे जितके खरे, तितकेच पुढच्याला रास लागली तर मागचा धीट होतो हेही खरे. एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकाने पुढे, १९६२ साली, नव्या गोष्टींच्या प्रसारावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याच्या मुळाशीही अशीच घरची आठवण होती. तो आयोवातल्याच शेतकरी कुटुंबातला. त्याच्या वडिलांना नव्या यंत्रांची आवड असूनही त्यांनी संकरित मका बरीच वर्षे नाकारला होता आणि १९३६च्या अवर्षणात शेजाऱ्याचा संकरित मका उभा असताना स्वतःचे पीक वाळलेले पाहून त्यांचे मन वळले.

भोकरच्या परिसरात हायब्रीड आले ते ज्वारीच्या रूपाने. संकर म्हणजे दोन भिन्न वाणांचा मेळ घालून पहिल्या पिढीत मिळणारा जोम पदरात पाडून घेणे. परंतु ज्वारीच्या एकाच फुलोऱ्यात नर व मादी दोन्ही असल्याने हा मेळ मोठ्या प्रमाणावर घडवणे अवघड होते. १९५४ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी ज्वारीतील नरवंध्यत्व, म्हणजे ज्या झाडाचे परागकण निकामी असतात अशा वाणांची युक्ती, उपयोगात आणण्याजोगी करून दाखवली आणि ही अडचण दूर झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, ‘सीएसएच-१’ हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. त्याची माता अमेरिकी वंशाची होती, उंची ठेंगणी, मुदत सुमारे शंभर दिवसांची, आणि खताला तो देशी वाणांपेक्षा कितीतरी अधिक प्रतिसाद देई.

तो काळ परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचा होता. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारीचा प्रसार हा त्यांच्या शासनाचा ध्यासच होता. मग १९७२चा दुष्काळ आला, रेशनवर अमेरिकेची लाल ‘मिलो’ आली, रोजगार हमीच्या कामांवर माणसे खडी फोडू लागली. ज्या घराने मिलोची भाकरी गिळली होती, त्या घराला हायब्रीडचे भरगच्च कणीस म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. हायब्रीडचा स्वीकार ही टूम नव्हती. भुकेने केलेला तो हिशेब होता आणि त्या वेळी तो बरोबरही होता.

मग हायब्रीड ज्वारीचा तिटकारा कुठून आला? ज्वारीचे जुने खरीप वाण दिवसाच्या लांबीवर चालत. पावसाळा सरत आला, दिवस लहान होऊ लागले की ते निसवत आणि दाणा भरण्याच्या वेळी आभाळ मोकळे झालेले असे. हायब्रीडला दिवसाच्या लांबीशी देणेघेणे नव्हते. तिचे शंभर दिवस भरत तेव्हा परतीचा पाऊस अजून डोक्यावर असे, आणि नांदेडच्या पूर्व भागासारख्या निश्चित पावसाच्या मुलखात ही गाठ हमखास पडे. भिजलेल्या कणसावर बुरशी चढून दाणा काळा पडे. काळ्या पडलेल्या ज्वारीला मोंढ्यात भाव नसे, तिची भाकरी कडवट लागे, आणि ती हळूहळू माणसाच्या ताटातून निघून कोंबडीच्या खाद्याकडे वळली. ठेंगण्या ताटाचा कडबा कमी भरे, म्हणून गोठाही नाराज होता. बियाणे राखून पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत जोम उरत नसे. साहजिकच दर मृगाच्या आधी दुकानाची पायरी चढावी लागे. रब्बीत मात्र सोलापूरकडच्या मोहोळ येथे निवडलेल्या जुन्या मालदांडीला हायब्रीड हटवू शकली नाही, कारण तिथे ओल, दाण्याची चकाकी आणि कडबा हे तिन्ही निकष मालदांडीच्या बाजूचे होते.

ही कारणे खरी आहेत. परंतु पिकाचा दोष शिवी होण्याइतका मोठा का झाला, हे त्यांनी पूर्णपणे उलगडत नाही. हायब्रीड हा अपशब्द दुष्काळात जन्मला नाही; पोट भरू लागल्यावर जन्मला. ज्या पिढीला तिने वाचवले, तिच्या पुढच्या पिढीला फक्त तिची चव ठाऊक होती, उपकार ठाऊक नव्हता. शिवाय ती सर्वांच्या घरी, रेशनच्या दुकानात आणि मजुरीच्या मोबदल्यात येऊन बसली होती. ज्याच्या घरी मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी, तो सधन आणि ज्याच्या घरी हायब्रीडची, तो गरीब, अशी खूण पडून गेली. अपशब्दाचा रोख दाण्यापेक्षा तो दाणा खाणाऱ्याच्या परिस्थितीवर होता.

इथे गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताची आठवण होणे अपरिहार्य आहे. फॅशनवरील १९०४ सालच्या निबंधात त्याने असे मांडले की, माणसात दोन ओढी एकाच वेळी वसतात. इतरांसारखे असण्याची आणि इतरांहून वेगळे दिसण्याची. फॅशन या दोन्ही भागवते, म्हणून ती हवीशी वाटते. पण वरच्या थराने उचललेली गोष्ट खालच्या थराने उचलली की वरचा थर ती सोडून देतो, आणि म्हणून फॅशन जितकी पसरते तितकी ती मरणाच्या जवळ जाते. लुगड्याच्या काठाला आणि लग्नातल्या मांडवाला हा नियम सहज लागू पडतो. बियाणे मात्र कोणी दिसण्यासाठी पेरत नाही, तेव्हा शेतात हा नियम लागू पडू नये असे प्रथमदर्शनी वाटते. नांदेडच्या काळ्या रानातील पुढचा इतिहास असे दाखवतो की तो तिथेही लागू पडतो, फक्त तिथे प्रसाराला शिक्षा करण्याचे काम अहंकार करत नाही. ते काम अळी करते आणि बाजारभाव करतो.

नांदेडचा कापूस ही या जिल्ह्याची जुनी ओळख आहे. निजामी राजवटीत या भागात पिकणारा ‘गावरानी’ कापूस देशी कापसांत लांब धाग्यासाठी नावाजलेला होता आणि नांदेडची उस्मानशाही गिरणी याच मुलखाच्या कापसावर उभी राहिली. याचा अर्थ असा की, गावरान या शब्दाला मोंढ्यात एकदा मान होता, मधल्या काळात तो गेला आणि आता तो नव्या वाटेने परतला आहे. गावरानी कापसानंतर अमेरिकी जातीचा कापूस आणि मग संकरित कापूस आला. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस ‘एच-४’ हा १९७० साली गुजरातमध्ये, सुरतच्या संशोधन केंद्रात तयार झाला. आणि मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात दिलेला ‘एनएचएच-४४’ हा वाण ‘नांदेड-४४’ या नावाने महाराष्ट्राबाहेरही पसरला. पावसाने ताण दिला तरी पुन्हा फुटून बहरणारा हा वाण कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा सोबती होता. पुढे तोही मागे पडला, पण त्याचा कुणाला तिटकारा आला नाही. रॉजर्सच्या परिभाषेत त्याग दोन प्रकारचा असतो; अधिक चांगले मिळाले म्हणून जुने सोडणे हा एक, आणि भ्रमनिरास झाला म्हणून सोडणे हा दुसरा. नांदेड-४४ पहिल्या प्रकाराने गेला.

त्याची जागा घेतली ती बीटी कापसाने. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घालून बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाडानेच तयार करावे, हे बीटीचे तत्त्व. केंद्र शासनाच्या समितीने मार्च २००२ मध्ये पहिल्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली, २००६ मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले आणि दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी पोहोचले. हिरव्या बोंडअळीसाठी फवारण्या करून हैराण झालेल्या शेतकऱ्याला सुरुवातीच्या वर्षांत हा बदल दैवी वाटला असेल तर नवल नाही. मात्र त्या बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी येत असे आणि तिच्यात बिगर-बीटी बियाणे असे. ही पुडी शेताच्या कडेने पेरावी अशी अट होती. त्या ओळींना ‘आश्रय पीक’ किंवा इंग्रजी शब्द वळवून ‘रेफ्युजी’ म्हणत.

या आश्रयामागचे शास्त्र सोपे आणि विलक्षण आहे. कोट्यवधी अळ्यांत एखादी अळी अशी असते की तिला बीटीचे विष बाधत नाही. सगळीकडे बीटीच असेल तर फक्त तीच जगते, तिच्यासारख्याच दुसऱ्या अळीच्या पतंगाशी तिचे मीलन होते आणि काही वर्षांत सारी प्रजा न बाधणाऱ्यांची होते. पण शेताच्या कडेला चार ओळी बिगर-बीटी असतील, तर त्यांवर साध्या, विष बाधणाऱ्या अळ्या सुखाने वाढतात, त्यांचे पतंग त्या मोजक्या चिवट पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडू लागते. थोडक्यात, बीटीचे आयुष्य बीटी नसलेल्या झाडांवर अवलंबून होते. शेतकऱ्याने ती पुडी बहुधा पेरली नाही. कधी बियाणे निकृष्ट निघे, कधी ते बीटीच्या आगेमागे फुले. आणि मुख्य म्हणजे ज्याचे रान दोन-तीन एकरांचे, त्याने अळीसाठी मुद्दाम चारा का पेरावा, हे त्याला कोणी पटेल असे सांगितले नाही. कापसावरच जगणारी शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी या चुकीची वाटच पाहत होती. जानेवारीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेण्याच्या रिवाजाने तिला वर्षभर घर मिळाले. गुजरातेत २०१० च्या आधीच एका जनुकाचे बीटी तिने पचवले, पुढे दोन जनुकांचेही पचवले, आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रभर ‘डोमकळ्या’, म्हणजे अळीने आतून पाकळ्या विणून टाकल्यामुळे न उमलणारी गुलाबासारखी फुले, दिसू लागली.

त्या हंगामानंतर बीटीच्या नावाने जी बोटे मोडली गेली, त्यांत तथ्य होते. पण बीटी फसले ते त्याच्या अपयशामुळे नाही, हे विसरले गेले. ते इतके यशस्वी झाले की त्याच्या बाहेर कोणी उरलेच नाही, आणि बाहेर कोणी न उरल्यामुळेच ते फसले. ‘अति तेथे माती’ ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरली.

सोयाबीनची कथा याच नियमाचे बाजारातले रूप आहे. मध्य प्रदेशातून १९९४ साली प्रसारित झालेला ‘जेएस-३३५’ हा वाण मराठवाड्यात रुजला, कारण ज्या गोष्टींनी शेतकरी गांजला होता त्या सर्वांवर त्यात उतारा होता. कापसाच्या वेचणीला मजूर मिळेनासे झाले होते; सोयाबीन एकदाच कापायचे आणि मळणी यंत्रातून काढायचे. शंभर दिवसांत पीक हाती आले की दिवाळीआधी पैसा आणि त्याच रानात हरभरा. लातूरच्या तेल गिरण्या आणि तिथला बाजार जवळ असल्याने माल घेऊन कुठे जावे हाही प्रश्न नव्हता. ज्वारी, मूग, उडीद यांच्या ओळी एकेक करून मिटत गेल्या आणि खरिपात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच हिरवा रंग दिसू लागला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला; पुढच्या काही हंगामांत तो इतका घसरला की २०२४-२५ साठी जाहीर झालेला ४,८९२ रुपयांचा हमीभावही खुल्या बाजारात मिळेना.

शेतमालाच्या भावांच्या या हेलकाव्याला अर्थशास्त्रात ‘कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत’ म्हणतात. १९३४ मध्ये निकोलस काल्डोर याने हे नाव रूढ केले. यंदाचा पेरा गेल्या वर्षीच्या भावावर ठरतो, सर्वांनी एकच भाव पाहिलेला असल्यामुळे सर्वांचा पेरा एकाच दिशेला जातो, माल वाढतो, भाव पडतो, पुढच्या वर्षी सर्वजण मिळून माघार घेतात आणि भाव पुन्हा चढतो. आलेखावर ही वळणे कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. सोयाबीनच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अर्धेच पुरते, कारण त्याचा भाव ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिकेतील पीक व खाद्यतेलाची आयात यांच्यावर अधिक ठरतो. भोकरने कमी पेरले म्हणून तो चढत नाही. परंतु यातून निघणारा धडा अधिकच कठोर आहे. सर्वांनी एकच पीक घेतल्याचा तोटा केवळ भाव पडण्यात नसतो. तो पडल्यावर वळायला दुसरी वाट न उरण्यात असतो. ज्वारीचे बियाणे घरात नाही, मुगाची शेंग तोडणारी माणसे नाहीत, बैल विकले गेले म्हणून कडब्याची गरज नाही. अशा स्थितीत सोयाबीनला शिव्या देत देत पुन्हा सोयाबीनच पेरले जाते.

या तीन पिकांपलीकडे एक चौथी जात आहे, तिच्यावर फार थांबण्याचे कारण नाही. सफेद मुसळी आणि इमूपालन यांच्या लाटा महाराष्ट्रात येऊन गेल्या. त्यांत आधी आलेल्याचा नफा बहुतांशी नंतर येणाऱ्याला कंद किंवा पिल्ले विकण्यातून होता, शेवटचा ग्राहक कोणी नव्हताच. नवे येणारे थांबताच सारे कोसळले. हायब्रीड, बीटी आणि सोयाबीन यांना या पंगतीत बसवणे चुकीचे ठरेल, कारण त्यांनी खरोखर काही दिले होते. खोट्या लाटेतून माणूस फसवला जातो. खऱ्या लाटेत त्याला जे मिळाले तेच, सर्वांना मिळाल्यामुळे, त्याच्या हातून निसटते. तिटकारा दोन्हींचा सारखाच येतो आणि म्हणून दोन्हींतला फरक पुसला जातो.

हा फरक पुसण्यात मनाची एक सोय आहे. सर्वांबरोबर आपणही गेलो, कडेच्या चार ओळी पेरल्या नाहीत, घरचे बियाणे मोडून खाल्ले, हे कबूल करणे जड जाते. त्यापेक्षा ती वस्तूच मुळात वाईट होती असे म्हटले की सगळेच निर्दोष सुटतात. ज्या उत्साहाने स्वागत झाले त्याच उत्साहाने निंदा होते, कारण स्वागत करणारा समूह आणि निंदा करणारा समूह एकच असतो, आणि त्याने एकत्र चालण्याची सवय सोडलेली नसते. निंदेच्याही लाटा येतात, त्यांतही पुढचे आणि मागचे असतात, आणि त्यांतही शेवटचा माणूस तेव्हा सामील होतो जेव्हा बाकीचे दुसरीकडे वळलेले असतात.

गावरानाचे पुनरागमन ही अशीच उलटी लाट आहे, आणि म्हणून तिला तोच नियम लागू पडणे क्रमप्राप्त आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले; जी ज्वारी गरिबीची खूण म्हणून ताटातून गेली होती ती मधुमेहाच्या पथ्याच्या आणि आरोग्याच्या नावाने शहरी ताटात परतली, आणि शहरातल्या दुकानात चांगली मालदांडी गव्हाहून महाग झाली. नांदेडच्या कंधार भागातील लाल कंधारी आणि लातूरची देवणी या देशी गाईंना संकरित गाईंच्या लाटेने गोठ्याबाहेर केले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. पण मागणी वाढली की गावरान अपुरे पडते आणि मग मौज घडते. गावरान म्हणून विकली जाणारी अनेक तपकिरी अंडी प्रत्यक्षात वनराजा, गिरिराजा यांसारख्या, परसातल्या कुक्कुटपालनासाठी संशोधन केंद्रांनी संकरातून घडवलेल्या कोंबड्यांची असतात. हायब्रीडच गावरानाचे कपडे घालून बाजारात बसते. त्यात त्या कोंबडीचा दोष नाही आणि अंड्याचाही नाही. सर्वांनाच दुर्मीळ हवे असेल तर दुर्मिळाचे कारखाने निघणारच.

यावरून नवे स्वीकारूच नये असा निष्कर्ष काढणे म्हणजे १९७२ विसरणे होय. एखादी गोष्ट चांगली आहे की वाईट, या प्रश्नाला तिच्या प्रसाराची मर्यादा जोडून विचारले तरच उत्तर खरे येते. हायब्रीड ज्वारी परतीचा पाऊस हमखास गाठतो अशा रानाबाहेर थांबली असती, बीटीच्या कडेला आश्रय राहिला असता, सोयाबीनशेजारी तूर-ज्वारीचे पाटे राहिले असते, तर कदाचित यांतील एकाचेही नाव शिवी झाले नसते. समाजात जे मागे राहतात, त्यांना रॉजर्सच्या वर्गवारीत ‘पिछाडीचे’ असे काहीसे कमीपणाचे नाव आहे. कृषी विस्ताराच्या भाषेतही त्यांची गणना अडथळ्यांत होते. आश्रय पिकाचे शास्त्र मात्र त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावते. कडेच्या त्या ओळी पुढे गेलेल्यांच्या विरोधात उभ्या नसतात. पुढे गेलेल्यांचे विष टिकवून धरण्याचे काम त्याच करतात.

भोकरच्या शिवारात सोयाबीनच्या सलग पट्ट्याच्या कडेला अजूनही एखाद्या धुऱ्यावर उंच, गावरान ज्वारीची दोन-चार तासे दिसतात. ती कोणी नफ्यासाठी पेरलेली नसतात. कुणाला हुरडा हवा असतो, कुणाकडे म्हातारे जनावर उरलेले असते, कुणाच्या घरात सासूने लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवलेले बियाणे टाकून देववत नाही. परतीचा पाऊस सोयाबीनच्या ढिगांवर कोसळत असतो तेव्हा ती ज्वारी नुकती निसवू लागलेली असते, कारण तिला दिवस लहान झालेला कळलेला असतो.